काचेखालच्या आगबोटी

माझं चौकटींचं दुकान आहे, नगरात, कापडबाजाराच्या मागच्या बोळात. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. लोक देवाच्या तसबिरी आणतात, मक्का-मदिनेच्या आणतात, लष्करातले शिपाई स्वतःचे फोटो आणतात. मी लाकूड कापतो, काच बसवून देतो. घरी आम्ही दखनी बोलतो, पण मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलो, म्हणून लिहायचं झालं की मराठीतच लिहितो. माझी बायको शरिफा वारली त्याला तीन वर्षं होत आली. तिच्याबद्दल चांगलं तेवढंच लिहावं असं मला वाटत होतं. ते जमणार नाही.

आमचं लग्न साट्यालोट्याचं. जामखेडच्या घरची शरिफा माझ्याकडे आली आणि तिचा भाऊ अलीम याच्याशी माझी धाकटी बहीण मेहताब हिची मंगनी झाली. अलीमजवळ तेव्हा काही कामधंदा नव्हता. दोन वर्षं कमावून येतो, मग निकाह करू, असं ठरलं. माझी अम्मा कडक होती. तिनं शरिफाला घरात घेताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हे दोन्ही निकाह एका दोरीचे आहेत, एक तुटला तर दुसराही तुटेल. असं सगळेच बोलतात. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. शरिफानं दिलं असणार.

अलीम मुंबईला गेला आणि एका फ्रेंच कंपनीच्या आगबोटीवर भटारखान्यात भांडी घासायला लागला. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून जाताना त्यानं एक खूण ठरवली. ज्या बोटीवर तो असेल त्या बोटीच्या चित्राचं कार्ड टाकायचं. मागे काही लिहायचं नाही, फक्त आमचा पत्ता, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा. कार्ड आलं की समजायचं, माणूस ठीक आहे आणि या बोटीवर आहे.

पहिलं कार्ड आलं ते पांढऱ्या बोटीचं होतं. तिची दोन धुरांडी होती आणि ती गोल नव्हती, चौकोनी होती. दुकानात त्या दिवशी जो आला त्याला मी ते कार्ड दाखवलं. मग येत गेली. काळ्या बोटी, पांढऱ्या बोटी. एका कार्डावर बोटीच्या आतला जिना होता, आमच्या जुम्मा मशिदीच्या पायऱ्यांहून रुंद. एकावर जेवणाचं दालन, खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, माणूस एक नाही. मेहताब म्हणायची, इथली भांडी ते घासतात.

मी सागवानाची मोठी चौकट केली आणि सगळी कार्डं एका काचेखाली लावली. खालच्या उजव्या कोपऱ्यात एका कार्डाची जागा मोकळी ठेवली. अलीम ज्या बोटीनं परत येईल तिच्यासाठी. ही चौकट पडद्याच्या आत, चुलीच्या धुरापासून लांब, अशी टांगली. दर शुक्रवारी मेहताब ओल्या फडक्यानं ती काच पुसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण धुरांडं बघून ती बोट ओळखायची. एकदा रद्दीवाल्याकडे मला त्याच कंपनीच्या बोटींची दोन कार्डं मिळाली. मी हौसेनं आणली. मेहताबनं ती चौकटीत लावू दिली नाहीत. म्हणाली, "यांच्यावर ते नव्हते." ती दोन कार्डं तिनं कपाटात कागदाखाली ठेवून दिली.

दोन वर्षांची चार झाली, चारांची सहा. मेहताब जाळीच्या टोप्या विणायची. दर वर्षी एक टोपी अलीमसाठी. शरिफा माहेरी जायला निघाली की मेहताब टोपी तिच्या गाठोड्यात ठेवायची. जामखेडला सासूच्या पेटीत त्या टोप्या जमा होत आहेत, निकाहाच्या दिवशी पेटी उघडायची, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. शरिफाला मोटारस्टँडवर मीच सोडायला जात असे. सासूसाठी मिठाईचा पुडा माझ्याकडून असे.

लाकूड देणारा पारनेरचा पुंजाराम तोंडानं फटकळ होता. एकदा दुकानात बसून मला म्हणाला, "फक्रुभाई, तुमच्या मेव्हन्याच्या बोटी लई जमल्या. त्यो सोता मातर एकातबी दिसंना."

पडद्याआडून मेहताबचा आवाज आला. "समुद्र म्हणजे पारनेरचा ओढा नाही म्हणावं."

पुंजाराम हसत सुटला. त्यानंतर तो आला की आधी पडद्याकडे तोंड करून विचारायचा, काय बाई, बोट कुठवर आली?

मग लढाई लागली. चाळीस साली फ्रान्स पडलं आणि कार्डं बंद झाली. वर्तमानपत्रात यायचं की फ्रेंच बोटी कुठं अडकवल्या, कुठं धरल्या, कुठं बुडाल्या. मी रोज वाचून दाखवायचो. अम्मा रडायची. मेहताब रडत नव्हती, शरिफाच्या तोंडाकडे बघायची. शरिफा म्हणायची, तो जिवंत आहे, मला माहीत आहे. बहिणीचं काळीज आहे, तिला कळत असेल, असं मी मानलं. रोज रात्री नमाजनंतर मी अलीमसाठी दुआ मागायचो.

पुढच्या वर्षी शेवगावच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. प्रथमवर, नोकरीचा, स्वभावानं गरीब. आमच्या मौलवींनी सांगितलं की मंगनी म्हणजे निकाह नव्हे, मुलीला अडकवून ठेवू नका. अम्मासुद्धा तयार झाली. मी मेहताबला विचारलं. ती म्हणाली, भाबी सांगतील तसं करते. आणि सगळ्यांसमोर तिनं शरिफाला विचारलं.

"भाबी, तुम्ही सांगा. ते येतील का?"

शरिफा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "जिवंत आहे तो," ती म्हणाली.

मास्तरांना आम्ही नकार कळवला. त्यांचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झालं.

अम्मा बेचाळीसला गेली. शरिफा शेहेचाळीसच्या जानेवारीत गेली. पोटात पाणी व्हायचं, दवाखाना केला, गुण आला नाही. तोवर लढाई संपली होती आणि बोटी पुन्हा सुरू होतील असं मेहताब म्हणायला लागली होती. शेवटच्या आठवड्यात शरिफानं मेहताबला जवळ बोलावून विचारलं, कहासुना माफ करशील ना? आमच्यात जाणारं माणूस असं विचारतंच. मेहताब रडत म्हणाली, माफ. शरिफानं पुन्हा विचारलं, मेहताब पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदाही विचारलं. मला वाटलं, तापात बोलते आहे.

मग तिनं मला विचारलं. मी तिचा हात धरून बसलो होतो. मी म्हणालो, "माफ करण्यासारखं तू काय केलंस?"

ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तिसऱ्या दिवशी जियारत होती. दुकानातला माल हलवून मी सतरंज्या घातल्या होत्या. मोहल्ल्यातली माणसं कुराण पढायला बसली होती. तेव्हा दारात एक माणूस उभा राहिला. भरलेलं अंग, चांगला कोट, हातात छत्री. मी ओळखलं नाही. तो आत आला, माझ्या गळ्यात पडून रडायला लागला, "दुलाभाई, आपा गेली," तेव्हा मला कळलं की हा अलीम.

माझ्या मनात आधी आनंदच झाला, हे मला सांगितलं पाहिजे. शरिफाचं काळीज खरं बोलत होतं, तीन दिवस आधी आला असता तर, असं काहीतरी मी त्याला बोललो. कुठल्या बोटीनं आलास तेही विचारलं. तो खाली बघत होता. मी मेहताबला हाक मारायला पडद्याशी गेलो. ती आधीच तिथं उभी होती, पडद्याची कड बोटभर बाजूला धरून.

"भाईजान," ती हळू म्हणाली, "त्यांच्या डोक्यावरची टोपी बघा."

जाळीची टोपी होती. तिच्याच हातची, कडेला तिची ती तिहेरी वीण. मी म्हणालो, हो, तुझीच आहे, जामखेडहून घालून आला असेल.

"ती किती वेळा धुतली आहे बघा," मेहताब म्हणाली. "विरली आहे. कडेला दुसऱ्या कुणीतरी दोरा भरला आहे."

आणि पडदा सोडून ती आत गेली.

लोक गेल्यावर मी अलीमला समोर बसवलं. त्यानं लपवलं नाही. आता कशासाठी लपवणार? बोटीवर तो एकच फेरी होता, तेव्हा कार्ड टाकलंच नव्हतं. मग मुंबईत उतरला, गोदीच्या बाहेर एक लहान टपरी टाकली, उतारूंना चित्रांची कार्डं आणि विड्या-काड्या विकायला. तिथलीच एक बाई, तिच्याशी निकाह केला. मुलं आहेत. आमच्याकडे आलेली सगळी कार्डं त्याच्या टपरीवरची. बोटीवरच्या ओळखीच्या माणसाला चहा पाजला की तो पुढच्या बंदरात कार्ड टाकायचा, म्हणून त्यांवर एडन, पोर्ट सैद, मार्सेलचे शिक्के. दर ईदला तो जामखेडला यायचा. शरिफा तिथं असायची. मी स्टँडवर सोडून आलेलो असायचो.

"आपाच म्हणाली, कार्डं टाकत राहा," अलीम म्हणाला. "नाहीतर तुमची अम्मा तिला घराबाहेर काढेल म्हणाली."

मी विचारलं, "आणि लढाईत?"

"लढाईत मीच तिला म्हणालो, दुलाभाई. सांगून टाक अलीम बुडाला म्हणून. मेहताबही सुटेल, तूही सुटशील. तर म्हणाली, जित्या भावाला मेला म्हणायला माझी जीभ वळत नाही."

मी त्याला मारलं नाही. जेवूही घातलं नाही. संध्याकाळच्या मोटारीनं तो गेला.

अम्मा शरिफाला खरंच परत पाठवणार होती का, मला माहीत नाही. पाठवायला निघाली असती तर मी आडवा पडलो असतो. हे शरिफाला माहीत नव्हतं का? बेचाळीसला अम्मा गेली, त्यानंतर ती कुणाला भीत होती? तिला घराबाहेर काढू शकेल असा मी एकटाच उरलो होतो. मग मलाच भीत होती असं म्हणावं लागतं. चौदा वर्षं एका ताटात जेवल्यावर. आणि मी भीतीसुद्धा समजू शकतो, पण ते मास्तर आले त्या दिवशी भाकरी थापताना तिचे हात थांबले नाहीत, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. अलीम बुडाला, एवढा एक शब्द बोलायचा होता. भावाला अपशकुन होईल म्हणून तिनं तो गिळला, आणि मेहताबचं वय त्यात गेलं.

चाळिसावा झाल्यावर मी ती चौकट खाली काढली. कार्डं चुलीत घालणार होतो. खिळे उपसायला पक्कड घेतली तेव्हा मेहताब येऊन समोर बसली.

"बोटी जाळू नका. त्या माझ्या आहेत."

मी म्हणालो, तुझ्या कशा? फसवायला पाठवल्या होत्या तुला.

"पुसल्या मी," ती म्हणाली. मग उठून कपाटातून रद्दीवाल्याकडची ती दोन कार्डं घेऊन आली. "काच काढलीच आहे तर हीपण लावा. आता सगळ्या सारख्याच. तो कुठल्याच बोटीवर नव्हता."

एक कार्ड मोकळ्या कोपऱ्यात बसलं. दुसऱ्यासाठी बाकीची जरा सरकवावी लागली. चौकट परत जागेवर टांगली.

शरिफाबद्दल मी तिला विचारलं. तुला राग येत नाही का? ती म्हणाली, येतो, पण मी तीनदा माफ म्हणून बसले आहे, आता परत कसं घेऊ. मी म्हणालो, तुला कशाबद्दल ते ठाऊक नव्हतं, ते धरायचं नाही.

"तिला ठाऊक होतं ना," मेहताब म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात का, भाईजान?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी म्हणालो नव्हतो.

मेहताब आता टोप्या विकायला दुकानात ठेवते, आणि त्या खपतात. भिंगारच्या एका विधुर कापडवाल्यानं विचारलं आहे. बघू म्हणाली आहे. शुक्रवारी काच पुसते. पुंजाराम आला तर बोटीचं विचारत नाही, लाकूड टाकून जातो.

मी दर गुरुवारी कबरस्तानात जातो. फातेहा पढतो. मग माफ हा एक शब्द बोलायला उभा राहतो. शरिफाची आठवण येत नाही असा माझा दिवस जात नाही, आणि तो शब्द तोंडातून निघत नाही. घरी आलो की मेहताब विचारते, म्हणालात का?

मी सांगतो, आज तिथं गर्दी होती.

ती पाण्याचा तांब्या पुढं करते आणि म्हणते, "मग पुढच्या गुरुवारी."