नळीचं टोक

लघवीची नळी घालायची परीक्षा प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर होते. निर्जंतुक नळीचं टोक कुठेही टेकलं, की आपणच "टेकलं" म्हणायचं आणि नापास व्हायचं. आमच्या शिक्षिका मिसेस हॅचर पहिल्या दिवसापासून बजावत आल्या होत्या, "मुलींनो, कुणी बघत नसलं तरी खरं सांगते, ती नर्स." मला ते पटलं होतं. मूर्खच मी.

दिवसभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगं पुसायची आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात पळायचं, असा तो दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स मी संपवत आणला होता. या परीक्षेत एकदा नापास झाले होते, आता शेवटची संधी. पुतळ्याच्या मांडीला टोक निसटतं लागलं, तेव्हा मिसेस हॅचर खिडकीबाहेर कुणाचा तरी पिकअप ट्रक बघत होत्या.

"टेकलं," मी म्हणाले.

"शाब्बास, वांडा," त्या म्हणाल्या, आणि कोर्समधून माझं नाव कापलं.

माझ्यामागून कॅसीची पाळी. मी दाराच्या काचेतून बघत होते. तिचंही टेकलं. बाईंचं लक्ष नव्हतं आणि हिने ब्र काढला नाही. बाहेर आल्यावर वर मलाच म्हणाली, "अगं बये, पुतळ्याला कसला जंतुसंसर्ग होतोय? तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" ती पास झाल्याच्या पार्टीला मक्याचा ब्रेड मीच भाजून नेला. आतून नुसती जळत होते.

आता कॅसी आमच्याच वृद्धाश्रमात नर्स आहे आणि मी तिच्या हाताखाली. माझी आईही तिथेच असते. परवा आईची लघवी तुंबली. कॅसी नळी घेऊन आली, मी आईचा पाय धरला. टोक आईच्या मांडीला टेकलं.

"कॅसी, नवी नळी घे."

"का?"

"टेकली ती. मी बघितलंय."

"काहीतरीच तुझं! पाय धर नीट."

मी तिचं मनगट धरलं. आवाज ऐकून मोठ्या नर्सबाई आत आल्या. "काय चाललंय?"

"काही नाही हो," कॅसी हसली. "नापास झाल्याचा राग काढतेय माझ्यावर."

"वांडा, बाहेर हो. नर्सला तिचं काम करू दे."

"अगं, कुठे चाललीस?" आई घाबरून विचारत होती.

माझ्या पाठीमागे दार लागलं. मी काचेतून बघत राहिले. कॅसीने नळी बदलली नाही.