सरलाबाईंच्या खात्याचा आवाज

मित्रांनो, डबा म्हटले की तुम्हाला साखरेचा, चहापत्तीचा नाहीतर लाडवांचा डबा आठवत असेल. मीही एक डबाच आहे, आता बराच जुना झालेला. पण माझ्यात काहीच ठेवता येत नाही. माझ्या पोटात एक छोटा स्पीकर आहे. दुकानात कोणी मोबाईलने पैसे दिले की मी ती रक्कम मोठ्याने सांगतो. रायपूरच्या तात्यापारा वस्तीत मला सगळे 'बोलनेवाला डिब्बा' म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आमची हजारो भावंडे एका पट्ट्यावरून सरकत असत. तपासणीच्या वेळी आम्ही सगळे एकच वाक्य एकाच आवाजात बोलायचो. त्या गलक्यात माझा स्वतःचा आवाज मला कधी ओळखू आला नाही. मग मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते थेट सरलाबाईंच्या दुकानात.

दुकान लहानसे आहे. पापड, तिखट, बिजौरी म्हणजे तळून खायचे तिळाचे वाळवण, आणि बडी म्हणजे किसलेला कोहळा घालून केलेले उडदाचे सांडगे, एवढाच माल. ही बडी छत्तीसगडात घरोघरी लागते, आणि सरलाबाईंच्या बडीसाठी लोक सदर बाजार ओलांडून येतात. सरलाबाईंना दिसत नाही. लहानपणी गोवर निघाला, त्यात त्यांचे डोळे गेले. त्यांचे वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. आता घरात सरलाबाई आणि त्यांचे थोरले भाऊ श्यामराव, दोघेच. श्यामरावांचा बहिणीवर फार जीव. दुकानाचे शटर ते उघडायचे, माल ते आणायचे. दुकानातला क्यूआर कोडही त्यांच्याच नावाचा होता. पैसे त्यांच्या खात्यात जात आणि संध्याकाळी ते मोबाईल पाहून बहिणीला सारे सांगत.

असे डबे बसवून देणाऱ्या कंपनीच्या मोनालीने मला काउंटरवर ठेवले आणि श्यामरावांच्या खात्याशी जोडले. पहिल्यांदा मी "बीस रुपये प्राप्त हुए" म्हणालो, तेव्हा सरलाबाई दचकल्या. मग त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि हसल्या.

"दादा, हा तं तुह्याहून लवकर सांगते!"

तेव्हापासून गिऱ्हाइकाने "भेज दिया, दीदी" म्हटले की त्या मान वाकडी करून माझी वाट पाहायच्या. मी बोललो की पुडी पुढे करायच्या. एकदा एका तरुणाने पैसे न पाठवताच पाठवल्याचे सांगितले. मी गप्प. सरलाबाई शांतपणे म्हणाल्या, "भैया, डिब्बा नहीं बोला." गल्ली हसली आणि तो निमूटपणे निघून गेला. माझे खूप कौतुक झाले. शेजारच्या दुकानदारानेही माझ्यासारखाच डबा मागवला.

मित्रांनो, त्या दिवसांत मला वाटायचे, मी बोलतो म्हणजे पैसे सरलाबाईंनाच मिळतात. किती भोळा होतो मी!

एका सकाळी श्यामराव डाळीचे पोते उतरवताना खाली बसले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. शेजाऱ्यांनी त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. जीव वाचला, पण वाचा गेली. डोळे उघडे असत, ओठ हलत, शब्द मात्र येत नसे. मोबाईल त्यांच्या खिशात आणि त्याचा पिन त्यांच्या डोक्यात.

दुकान बंद ठेवून भागणार नव्हते. दवाखान्यात शेजारची चेतना रजा काढून बसायची, तेवढ्या वेळात सरलाबाई दुकान उघडायच्या. गिऱ्हाइके आली, त्यांनी पैसे पाठवले, मी पूर्वीसारखाच खणखणीत बोललो. पण आता मी बोललो की सरलाबाईंचा चेहरा उतरायचा. पैसे येत होते आणि कुलूपबंद होत होते. बाहेरून आणायच्या औषधाला आणि बडीच्या उडदाला घरात काही उरले नाही. शेवटी त्यांनी माझे बटण दाबून मला बंद केले आणि रोख पैसे मागायला सुरुवात केली. मोबाईलवाली गिऱ्हाइके हळहळत परत जाऊ लागली. मी फडक्याखाली मुका पडून राहिलो. माझ्यावर तिखटाची पूड साचली.

एका दुपारी चेतना दुकानात आली. ती सरकारी कचेरीत नोकरी करते. ती म्हणाली, "सरलाताई, तुमचं स्वतःचं खातं काहून नाही?"

"दादानं कधी गरजच पडू नाही देली न."

"मंग आता पडली ना!"

दुसऱ्या दिवशी सरलाबाईंनी मला पुसले, कापडी पिशवीत घातले आणि चेतनाचा हात धरून बँकेत गेल्या. खाते उघडले की मला लगेच त्याच्याशी जोडून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले होते.

काउंटरवरच्या साहेबांनी सरलाबाईंकडे पाहिले आणि चेतनाला विचारले, "इनको क्या काम है?"

"काम मेरा है, सर," सरलाबाई म्हणाल्या. "खाता खोलना है. एटीएम कार्ड भी चाहिए."

साहेब वाईट नव्हते. पण घाबरलेले होते. ते म्हणाले, "देखिए, आपको दिखता नहीं. कल कोई आपको धोखा दे दे तो? घर के किसी को साथ लाइए, दोनों के नाम से खोल देंगे."

"घर में बस भाई है, वह अस्पताल में है, बोल नहीं पाता."

"तो उनके ठीक होने तक रुकिए."

"सर, जिनको दिखता है, उनके साथ धोखा नहीं होता क्या?"

साहेब समोरचे कागद चाळू लागले. चेतना हळूच म्हणाली, "चला ताई, दुसऱ्या बँकेत पाहू." पिशवीच्या बंदांवरची सरलाबाईंची मूठ घट्ट झालेली मला जाणवली. मला वाटले, आता या परत फिरणार. पण त्या बाकावर जाऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "ठीक है सर. मुझे लिखकर दे दो कि मेरा खाता क्यों नहीं खुलेगा. मैं किसी से पढ़वा लूँगी."

साहेबांनी आतल्या मॅडमना बोलावले. त्यांचे नाव गंधाली. पुण्याहून बदली होऊन नुकत्याच आल्या होत्या. त्या लिहून द्यायला बसल्या. लिहायचे तर कोणता नियम लिहायचा, म्हणून त्यांनी संगणकावर नियम शोधला. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग उठून बाकापाशी आल्या आणि सरलाबाईंच्या शेजारी बसल्या.

"मावशी, तुम्ही मराठी ना? मला लिहून देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कारण नियम उलटाच आहे. दिसत नाही म्हणून आम्ही तुम्हाला नाही म्हणूच शकत नाही. कार्डसुद्धा मिळेल. मलाही आजच कळलं. चुकलंच आमचं."

"चुकलं तं चुकलं, बाई," सरलाबाई म्हणाल्या. "आता उघडून दे."

गंधालीमॅडमनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. जिथे कळले नाही तिथे सरलाबाईंनी पुन्हा वाचायला लावले. मग त्यांनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून सही त्या घाबरलेल्या साहेबांनीच केली.

त्याच आठवड्यात मोनाली आली. तिने मला नव्या खात्याशी जोडले आणि भिंतीवर नवा क्यूआर कोड चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव होते: सरला. चेतनाने मुद्दामच पावभर बडी घेतली आणि पैसे पाठवले. मी बोललो. वाक्य तेच, आवाज तोच. पण सरलाबाईंनी पुडी पुढे केली नाही. पदर तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

पुढे श्यामराव घरी आले. काठी टेकत, एकेक शब्द जुळवत बोलू लागले. पहिल्याच दिवशी दुकानात येऊन बसले आणि त्यांची नजर भिंतीवरच्या नावावर गेली. "का... काहून?" एवढेच ते म्हणाले. मग मोठ्या कष्टाने म्हणाले, "मी... चोर?"

सरलाबाई जमिनीवर त्यांच्या पायाशी बसल्या. "दादा, तू चोर असता तं मी इतके वर्स तुह्या हातात सारं देलं असतं का? तू पडला तेव्हा मले तुह्यासाठी औषध आणता नाही आलं. डबा बोलून राहिला होता आन् माह्या हातात काहीच नव्हतं. पुन्हा तसं नाही होऊ द्यायचं मले."

श्यामराव मान फिरवून बसले. दोन-तीन दिवस ते दुकानात फिरकले नाहीत. मला फार अपराधी वाटले. भावाबहिणीत मीच आलो, असे वाटले.

मग एका सकाळी ते काठी घेऊन आले आणि म्हणाले, "चाल. बँकेत." त्यांच्या खात्यात अडकलेले दुकानाचे पैसे त्यांना बहिणीच्या खात्यात टाकायचे होते. ई-रिक्षातून दोघे गेले. परतताना मोनालीकडून माझा आवाज वाढवून घ्यायचा होता, म्हणून मीही पिशवीत होतो. श्यामरावांचा उजवा हात चालत नव्हता, सही होईना. तेच साहेब होते. सवयीने म्हणाले, "दादा, आपके साथ कोई है क्या?"

श्यामरावांनी डाव्या हाताने बहिणीचा दंड धरून तिला पुढे केले. "आहे ना," ते म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा सगळ्यात स्पष्ट शब्द तोच होता.

मित्रांनो, आता माझी बॅटरी लवकर उतरते. एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे आणि पोटात तिखट गेल्यामुळे आवाज जरा घोगरा झाला आहे. माझी एकच विनंती आहे. दुकानात पैसे पाठवून लगेच पाठ फिरवू नका. माझे वाक्य पूर्ण होऊ द्या, कारण काउंटरच्या पलीकडे कोणीतरी फक्त ऐकूनच आपला संसार चालवत असते. आणि बँकेच्या रांगेत तुमच्यापुढे कोणी चाचपडत उभी असेल, तर तिचे काम तिच्या सोबतच्या माणसाला विचारू नका. तिलाच विचारा. तिला ते ठाऊक असते.