चौऱ्याऐंशी किलो आणि एक नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझं एक बटण तुटलंय, झाकण दोरीने बांधलंय, पण कान अजून तिखट आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, जन्मभर गाणी वाजवीन. नशिबी आलं वेटलिफ्टिंगचं सभागृह. तिथे देशोदेशीचे खेळाडू यायचे आणि निवेदन करणाऱ्या ताई माझ्यावर विजेत्यांची राष्ट्रगीतं लावायच्या. काम मानाचं होतं, पण वर्षातून चार दिवसांचं.

तिथला नियम कडक. नाव पुकारलं की एका मिनिटात वजन उचलायला सुरुवात करायची, नाहीतर प्रयत्न बाद. एका वर्षी पोलंडची एक खेळाडू आली होती. तिचे प्रशिक्षक तापाने खोलीवर पडून होते. ताईंनी तिचं नाव कागदावर दिसलं तसं वाचलं. ती आत बुटाची नाडी बांधत होती; दुसऱ्याच कुणाला बोलावलं असं समजून बसून राहिली. शेवटचा प्रयत्न गेला आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली. ताई माफी मागायला गेल्या, तेव्हा ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "तुम्ही बोलावलंत, ती मी नव्हतेच."

ताईंनी त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली. पुढच्या स्पर्धेपासून त्या मला खांद्याला अडकवून सरावाच्या खोलीत न्यायच्या. प्रत्येकाने आपलं नाव आणि उचलायचे किलो स्वतःच्या भाषेत माझ्यात बोलायचे. जर्मन माणूस चौऱ्याऐंशी म्हणताना आपल्यासारखाच आधी चार म्हणतो, मग ऐंशी. फ्रेंच म्हणतो चार विसा आणि वर चार! किलो मात्र बहुतेकांचा किलोच, फक्त कुणी तो लांबवतो, कुणी झटकन टाकतो. ताई दुपारचं जेवण सोडून त्या टेपा ऐकत आणि आरशासमोर ओठ वाकडेतिकडे करत. सफाईवाले काका हसायचे. हसोत बापडे.

मग व्यवस्थापकांनी नवं यंत्र आणलं. ते यादी आपोआप वाचायचं. मी कपाटात, झेंड्यांच्या गठ्ठ्याखाली गेलो आणि दोन वर्षं धूळ खाल्ली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी यादीत तीच पोलिश खेळाडू होती. ताई व्यवस्थापकांना म्हणाल्या, "यंत्र चुकलं तर माफी कोण मागणार? नावं मीच घेणार." ते बराच वेळ कुरकुरले, पण ताई हलल्या नाहीत. मला बाहेर काढून पुसलं. त्या मुलीने आधी बोलायचंच नाकारलं. ताई तिच्यासमोर बाकावर बसून राहिल्या. शेवटी तिने तीनदा नाव सांगितलं.

तिचा शेवटचा प्रयत्न होता, बारवर चौऱ्याऐंशी किलो. ताईंनी नाव पुकारलं आणि नवव्या सेकंदाला ती बारपाशी उभी होती. वजन वर गेलं.

नंतर ती माझ्यापाशी आली. तिने माझं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "आता तुमचं नाव सांगा. पूर्ण."

ताई गांगरल्या. बावीस वर्षांत त्या सभागृहात हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी हळूच सांगितलं. तिला ते सातव्या खेपेला नीट जमलं, आणि तोवर ताईंना डोळे पुसावे लागले.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण कुणाचं नाव अर्धंमुर्धं घेऊन पुढे जाऊ नका. त्यालाच विचारा, आणि जमेपर्यंत म्हणा.