ड्रमवरचा हात

डॉक्टरला सहा वर्षांपासून कशाचाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट जगात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. तो काही खरा डॉक्टर नव्हे. एका क्लबच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी सांभाळायचा. रोज सकाळी काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि कपाळाला आठ्या घालून ‘पेशंट ठीक आहे’ म्हणायचं, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

नाक गेलं ते स्वतःच्याच आगाऊपणाने. क्लोरीन पावडरच्या ड्रमात ओलावा शिरला होता, ड्रम बाहेरून गरम लागत होता, तरी हा पठ्ठ्या झाकण उघडून आत डोकावला. आतला गॅस सरळ तोंडावर आला. दोन आठवडे ताप आल्याची थाप मारून तो घरी खोकत पडला. खोकला गेला, वास काही परतला नाही. पण क्लोरीनच्या खोलीवर बिननाकाचा माणूस कोण ठेवेल? डॉक्टर गप्प बसला.

आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून त्याच्यासारखा सावध माणूस क्लबात दुसरा नव्हता. पावडरचा ड्रम लाकडी फळीवर, जमिनीला टेकवायचा नाही. ॲसिडचे कॅन भिंतीपलीकडच्या खोलीत. पावडर काढायचं माप कोरडं, वेगळं, खिळ्याला टांगलेलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत कधीच नाही. आणि रोज झाकण उघडण्याआधी ड्रमच्या पोटावर उजवा तळवा ठेवायचा. गार असेल तरच उघडायचं. उबदार असेल तर हात लावायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. संध्याकाळी घरी गेला की बायको त्याचा शर्ट हुंगायची. “आज बेताचा आहे,” म्हणाली की तो जेवायला बसायचा.

झाडलोट करणाऱ्या मावशी त्याला हसायच्या. “डॉक्टर, ड्रमची नाडी बघता की काय?”

“मावशी, माणसाची चुकली तरी चालेल, याची चुकून चालणार नाही,” तो म्हणायचा. मावशी रोज त्याच्यासाठी चहाचा कप झाकून ठेवत. एवढीच त्यांची ओळख, पण बारा वर्षांची.

पंपवाल्याचा डोळा डॉक्टरच्या जागेवर होता. पगार जास्त, वर खोलीची किल्ली, आणि काम म्हणजे त्याच्या मते दोन थेंब टाकून आठ्या घालणं. स्वतः कामचुकार नंबर एक. बादली उचलायची तरी मावशीला हाक मारायचा. पण बारीक नजर होती मेल्याची. एकदा मागचं गटार तुंबलं, सगळे नाक दाबून पळाले आणि डॉक्टर तिथेच बसून शांतपणे पेपर वाचत राहिला. पंपवाल्याने ते मनात ठेवलं.

मग त्याने काय केलं, तर मेलेला उंदीर फडक्यात गुंडाळून डॉक्टरच्या जेवायच्या बाकाखाली टांगला. दोन दिवस टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर डबा उघडून बसला तेव्हा त्याने एकेकाला बोलावून दारात उभं केलं. माळी आला, तिकीटवाली आली, शेवटी मॅनेजरही आले. सगळ्यांचे रुमाल नाकाला. डॉक्टर आपला घास चावतोय.

“काय रे, कसला तमाशा आहे?” त्याने विचारलं.

पंपवाल्याने वाकून फडकं सोडलं आणि शेपटीला धरून उंदीर डॉक्टरच्या डब्याशेजारी ठेवला. त्यात वळवळणारे किडे होते. लोक इतके हसले की तिकीटवालीला उचकी लागली. डॉक्टरच्या तोंडातला घास तोंडातच राहिला, तो गिळावा की थुंकावा हे त्याला कळेना. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सुपलीत उंदीर उचलला, बाहेर टाकला आणि डॉक्टरच्या हातावर पाणी घातलं.

मॅनेजरही हसत नव्हते. “वास येत नाही तुम्हाला? आणि क्लोरीनच्या खोलीची किल्ली तुमच्या कमरेला? इथे मुलं पोहतात, कळतंय का?” ते म्हणाले ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्यांनी दुपारभर डॉक्टरला ऑफिसात उभं केलं, कागद लिहून घेतला आणि सांगितलं की चार वाजता पंपवाल्याला चार्ज द्या, उद्यापासून येऊ नका.

चार वाजता डॉक्टर खोलीत गेला. पंपवाला आधीच किल्ली फिरवत उभा होता. तलावातलं दुपारचं औषध, म्हणजे पावडर, त्यानेच टाकलं होतं. डॉक्टरने बघितलं, कोरडं माप खिळ्याला तसंच होतं आणि ड्रमच्या झाकणावर पाण्याने निथळणारा प्लास्टिकचा मग पडला होता. याने ओल्या मगाने पावडर काढली होती.

सवयीने डॉक्टरचा तळवा ड्रमवर गेला. ड्रम उबदार होता. नुकत्याच चहा ओतलेल्या कपाएवढा.

“बघा, नाडी बघतोय अजून!” पंपवाला म्हणाला. “बोला डॉक्टर, काही सांगायचं राहिलं का? नाकाची गोष्ट सोडून.”

सांगायला चार शब्द पुरले असते. डॉक्टरच्या जिभेवर ते आलेही होते. पण त्याला तो उंदीर दिसला, डब्याच्या काठाला लागलेली शेपटी दिसली, आणि त्याला एकदम फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हा उद्दामपणे झाकण उघडेल, आत डोकावेल, मग याचं नाकही बघू.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाला. “सगळं ठीक आहे.” त्याने रजिस्टरवर तसंच लिहिलं आणि सही केली.

घरी बायकोने शर्ट नाकाशी नेला आणि झटक्यात बाजूला केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, हा कसला वास! ड्रम तापलाय का? सांगितलंत ना कुणाला?”

डॉक्टरने नोकरी गेल्याचं सांगितलं, उंदराचं सांगितलं आणि शेवटी जरा ऐटीतच म्हणाला, “नाही सांगितलं. उघडू दे त्याला. करू दे डॉक्टरकी.”

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. “तो उघडेल? बादली उचलायला तरी मावशींना हाक मारतो, असं तुम्हीच सांगता ना?”

डॉक्टरने घड्याळ बघितलं. संध्याकाळचं औषध सहाला टाकायचं. पावणेसहा झाले होते. त्याने पंपवाल्याला फोन लावला, मॅनेजरला लावला. कुणी उचलला नाही. मग चपला न घालताच तो धावत सुटला.

क्लबच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गर्दी होती. ओली मुलं टॉवेल गुंडाळून रडत होती, प्रत्येकाच्या नाकाला काहीतरी दाबलेलं. पंपवाला धडधाकट उभा होता, फक्त घाबरून बोबडी वळली होती. “मी म्हटलं नुसतं एक माप काढून आणा,” तो दिसेल त्याला सांगत होता. मावशींना दवाखान्याची गाडी घेऊन गेली होती.

त्यांचा जीव वाचला. अकराव्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात गेला तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. तो वासाचा साबण घेऊन गेला होता, दुसरं काय न्यावं ते त्याला सुचलं नव्हतं. मावशींनी साबण नाकाशी धरला, कागद फाडून पुन्हा धरला.

“वासाचा आहे का हो हा?”

“हो.”

“मला कसलाच येत नाही.” त्या थांबल्या, दम घेतला. “परत येतो का वास? तुम्हाला ठाऊक असेल.”

“सवय होते,” डॉक्टर म्हणाला.

मावशींनी साबण उशाशी ठेवला आणि त्याचा उजवा हात हातात घेतला. “त्या मेल्याला काय कळतंय? तुम्ही असता ना, तर नुसता हात लावून सांगितलं असतं, मावशी, आत जाऊ नका.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिचा आवाज लांब गेला.

“हो,” तो म्हणाला. “सांगितलं असतं.”