अंगठ्याच्या सांध्यातली आग

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात मी राहते. त्यांच्या जन्माआधीच माझे पूर्वज इथे वस्तीला आले. मेलेल्या पेशी आणि कचरा गिळायचा, हे आमचे काम. त्याचे कौतुक कोण करणार?

माझ्या पोटात जनुकांची एक जाडजूड वही आहे. तिच्यातली काही पाने दाहाची. एरवी ती मिटलेली असतात, कारण ती उघडणाऱ्या प्रथिनाला एक पहारेकरी बाहेरच अडवून धरतो. जंतू आले की पहारेकरी हटतो, पाने उघडतात, सांधा सुजतो, गरम होतो आणि इतर पेशी मदतीला धावून येतात. पण आमचे पूर्वज शहाणे. नवा पहारेकरी घडवायची कृतीही त्यांनी त्याच पानांत लिहून ठेवली. म्हणजे आग लावतानाच पाण्याची सोय. एकदा स्प्रिंगचे टोक बाईंच्या अंगठ्यात घुसले, तेव्हा आम्ही चार दिवसांत सारे निस्तरले. डॉक्टर म्हणाले, "जखम छान भरली हं." आमच्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

मग दोन वर्षांपूर्वी, जंतूंचा पत्ता नसताना, शेजारच्या पेशींनी धोक्याची हाक दिली. मी पाने उघडली. माझी हाक त्यांना, त्यांची मला. मी पहारेकरी घडवावा आणि पुढच्या हाकेसरशी तो मोडून पडावा, असे चालले. कुंपणानेच शेत खावे तशी गत झाली. ज्या सांध्याला जपायचे, त्याचीच कूर्चा आम्ही झिजवू लागलो.

डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. तिचे कण माझ्या आत शिरले आणि ती पाने दाबून बसले. सूज उतरली. बाईंच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग पुन्हा स्थिर राहू लागली. मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

तिथेच घात झाला. बाईंनी गोळी घेणे थांबवले आणि डबी खणात टाकली.

"अगं आई, डॉक्टरांना विचारलंस का?" मुलीने विचारले.

"त्यात काय विचारायचं? घड्याळ चालायला लागलं की रोज तेल घालत नाहीत. जास्त तेलानंच बिघडतं ते. चाळीस वर्षं हेच करतेय मी."

"तू काय घड्याळ आहेस?"

बाई हसल्या. मला रडू आले.

आज दुपारी चिमटा त्यांच्या हातून सुटला. मुलगी टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत स्प्रिंग शोधत होती, आणि बाई आपल्या अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या. "थंडीमुळे असेल," त्या म्हणाल्या. थंडी नाही हो बाई, ही मी आहे.

मित्रांनो, दुखायचे थांबले म्हणून आम्ही शहाण्या झालो असे समजू नका. औषध कधी थांबवायचे, ते देणाऱ्यालाच विचारा. डबी अजून त्याच खणात आहे, बाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर. मला हे त्यांना ओरडून सांगायचे आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचणारी माझी भाषा एकच, वेदनेची. मी जितकी ओरडते, तितका तो अंगठा जळतो.