चौकापर्यंत

सासऱ्यांनी गाडीखालून हात बाहेर काढला आणि सुनेने न विचारता त्यावर बारा नंबरचा पाना ठेवला. हात आत गेला. थोड्या वेळाने ग्रीसने काळवंडलेली बोटं पुन्हा बाहेर आली आणि हवेत चाचपडत राहिली.

"हा नको. याच्या धाकट्या भावाला दे."

तिने दहा नंबरचा दिला. गाडीखालून समाधानाचा हुंकार आला.

चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. गॅरेजच्या उंच झरोक्यातून दुपारचं ऊन तिरपं आत यायचं, घासलेल्या पत्र्याची धूळ त्यात सावकाश फिरत राहायची, आणि ती लांबलचक स्टेशन वॅगन जमिनीपासून हातभर वर नुसती तरंगते आहे, असं वाटायचं.

सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. "आयुष्यभर वरखाली केलं, पुढे म्हणून कधी गेलो नाही," असं ते सांगत. पुढे जायचं ते फक्त या गाडीतून. सुट्टी लागली की बायको, मुलगा, गाद्या, स्टोव्ह असं सगळं हिच्यात कोंबून ते निघायचे. मग सासूबाई गेल्या आणि गाडीवर ताडपत्री पडली. पुढे मुलगाही आजारपणात गेला. त्यानंतरच्या एका रविवारी, घरात दोघंच असताना आणि भांड्याला भांडं लागल्याचा आवाजही मोठा वाटत असताना, सुनेने गॅरेज उघडून ती ताडपत्री ओढली होती.

"बाबा, हिचं काही होईल का?"

ते तसेच अनवाणी आले. बॉनेट उघडलं. इंजिनात उंदरांचा भरल्या घरासारखा संसार होता.

"होईल की. तुला घाई नसली तर."

तेव्हा तिला घाई नव्हती. ती चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करायची. हाताला नजरेइतकीच सवय होती. पुढच्या दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा तिने इतक्या निगुतीने घासल्या, की सासरे त्यांच्यासमोर उभे राहून भांग पाडू लागले. इंजिन सुटं करून बाकावर मांडलं गेलं. दर रविवारी त्यातलं थोडं साफ व्हायचं, थोडं हरवायचं, आणि हरवलेलं बहुतेक वेळा सासऱ्यांच्या खिशातच सापडायचं.

हात थकले की दोघं गाडीत बसायची. सासरे स्टिअरिंगमागे. सून अगदी मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर. लहानपणी तिचा नवरा तिथे बसायचा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना जीभ दाखवायची आणि खाली दडायचं, हा त्याचा प्रवासातला उद्योग.

"घाट लागला," सासरे पुढून सांगायचे. "कानात दडे बसले का?"

"बसले."

"आवंढा गीळ. आता बोगदा येईल."

ती डोळे मिटायची. बोगद्यात गार वाटायचं. डोळे उघडले की समोर गॅरेजची भिंत असे, खिळ्याला टांगलेला पाण्याचा पाइप असे, आणि क्षणभर ती भिंत खरोखरच लांब जाऊ लागायची. या प्रवासात मुलाचं नाव कुणी घेत नसे. पण प्रत्येक वळणानंतर सासरे जरा थांबायचे, जणू मागून कुणीतरी काही विचारणार होतं.

उन्हाळा उतरत असताना एकदा जेवताना तिने सांगितलं. समुद्राकाठच्या एका गावात काचांचा मोठा कारखाना होता. तिथे तिला बोलावलं होतं, एका विभागाची मुख्य म्हणून. जायला अख्खा दिवस लागणार होता.

"तुम्हीही चला, बाबा."

"मी काय सामान आहे, मागे टाकून न्यायला?" ते हसले. पण हातातला घास हातातच राहिला. मग म्हणाले, "गाडी झाली की जा. हिच्यातूनच जा."

तिला वाटलं, म्हणजे अजून बराच अवधी आहे. त्या इंजिनाचा अवतार पाहता कुणालाही तसंच वाटलं असतं.

पण दुसऱ्या आठवड्यापासून ती कामावरून परतली की गॅरेजमध्ये काहीतरी पुढे गेलेलं असायचं. एक दिवस ब्रेक बसलेले. एक दिवस वायरिंग झालेलं. मग एकदा गाडी चाकांवर उतरलेली दिसली, आणि शेजारच्या रंगाऱ्याने फिक्या निळ्या रंगाचा पहिला हातही मारला होता. सासरे बादलीवर बसून कंबर दाबत होते.

"एवढी घाई कशाला?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा तुटक आला.

"कारखाना काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

मला लवकर घालवायचं आहे यांना, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली.

सीटची कव्हरं मात्र तिच्याकडे होती. ती तिने स्वतः शिवली होती. फक्त चढवायची बाकी होती. त्या रविवारी तिने एक कव्हर मांडीवर घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "ही शिवण वाकडी आलीय."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"सरळ आहे."

"वाकडी आहे, बाबा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग उठले, खणातून छोटी कात्री काढून तिच्या हातात दिली आणि शेजारी बसून सुटलेले दोरे वेचू लागले. त्या दुपारी दोघांनी मिळून पूर्ण कव्हर उसवलं. इतकं संथ काम त्यांनी त्या गाडीवर कधी केलं नव्हतं.

तरी गाडी झाली. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिनाला आधी खोकला आला, मग शिंक, आणि मग घशात बसलेलं काही सुटावं तसा खोल, एकसारखा आवाज सुरू झाला. गॅरेजच्या फळीवरचे डबे थरथरू लागले. सासरे बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, ताप पाहावा तसे.

निघायच्या दिवशी सकाळी विरळ धुकं होतं. तिचं सामान मागे रचलं गेलं. सासऱ्यांनी टायरची हवा पाहिली, तेल पाहिलं, पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या. ती पाया पडायला वाकली तर म्हणाले, "थांब, थांब. चौकापर्यंत येतो. चढाला आवाज कसा राहतो, ते ऐकायचंय."

ते घराला कुलूप लावून आले आणि तिच्या शेजारी बसले. गाडी गल्लीतून बाहेर पडली. धुक्यात घरं एकामागून एक उमटत होती आणि पुसली जात होती. फाटकं, झाडं, सायकलवरचा पेपरवाला. चढ आला. गाडी कुरकुर न करता चढली. आता ते काहीतरी म्हणतील, म्हणून ती वाट पाहत राहिली. पण त्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि डोळे मिटलेले होते.

चौकात लाल दिवा होता. तिने गाडी थांबवली.

"बाबा, चौक आला."

मान तशीच कललेली. इतक्या दिवसांचे कष्ट, दमले असतील, असं वाटून ती पुन्हा हाक मारणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. रोजच्या चपलांऐवजी त्यांच्या पायात लेसचे बूट होते, आणि बुटांच्या मध्ये कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडाशी घडी घातलेला स्वेटर दिसत होता, औषधांची डबी आणि दाढीचा ब्रश.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट मिटलेल्या नसतात.

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग आणखी एकदा.

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांना धक्का बसू नये अशा बेताने तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.