बारीक आवाज

निसारनं दाराचं आतलं पॅड उचकटून काढलं, स्पीकरच्या मागं हात घातला आणि एकेक वायर ओढून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या.

"घावलं का काय?" ड्रायव्हरच्या सीटवरून कृष्णातमामांनी मोठ्यानं विचारलं.

"अजून न्हाय, मामा."

गडमुडशिंगीच्या कृष्णातमामांनी चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता. ही गाडी पुण्यातल्या मुलानं घेऊन दिलेली. नात राजनंदिनी तिकडं गाणं शिकत होती आणि तिचं गाणं मामांनी पेनड्राइव्हवर भरून घेतलं होतं. पण पेटी ऐकू यायची, पोरीचे शब्द कळायचे नाहीत. "तोंडावर उशी धरून गायल्यागत येतंय," असं त्यांचं म्हणणं. उद्यमनगरात निसारच्या दुकानी येण्याआधी दुसऱ्या एकानं स्पीकर बदलून दिले होते. फरक पडला नव्हता.

त्यांची बायको, बाळाबाई, मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गिऱ्हाइकाला समजावून सांगायची निसारला हौस होती.

"हे बघा मामा, टेप नुसतं गाणं वाचतोय. त्येच्यात ताकद नसती. ताकद देतोय ह्यो सीटखालचा अँप. मग आवाज जातोय स्पीकरला. त्यातबी वाटणी हाय. ढोलाची धमधम मागच्या वूफरची. माणसाचा आवाज दारातल्या स्पीकरचा. आन शब्दातलं बारीक, स, श, त, झांजंची किणकिण, ते ह्या काचंजवळच्या बोटभर ट्विटरचं. शब्द कळत न्हाईत म्हंजे दोष हितंच असणार."

त्यानं बाकीचे स्पीकर बंद केले. आवाज आला की 'आलं' म्हणा, असं मामांना सांगून त्यानं मोबाइलवरून ट्विटरमध्ये एक बारीक शिट्टी सोडली. त्याच्या स्वतःच्या कानात ती सुईसारखी घुसली.

मामा जरा थांबले. "आलं."

दुसरी शिट्टी. पुन्हा तेवढंच थांबणं, पुन्हा "आलं."

तिसऱ्या वेळी निसारनं मोबाइलवरून नजर वर केली. मामा आरशात बघत होते. आरशातल्या बाळाबाईंनी हलकेच मान हलवली.

"आलं," मामा म्हणाले.

निसार पॅडचे स्क्रू तळहातावर घोळवत राहिला. मग म्हणाला, "मावशी, कोपऱ्यावर टपरी हाय. तीन चहा सांगून याल का?"

बाळाबाईंनी त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. "येतो सांगून," म्हणाल्या आणि उतरल्या.

निसार मामांच्या शेजारी येऊन बसला. त्यानं शिट्टी लावली आणि वाजू दिली. बाहेर गाडी पुसणाऱ्या माणसानंही मान वळवून पाहिलं.

"लावा की," मामा म्हणाले.

निसारनं शिट्टी तशीच वाजत ठेवली. मामांची नजर सवयीनं आरशात गेली. मागं कुणी नव्हतं. त्यांनी वाकून ट्विटरच्या जाळीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"वाजतंय व्हय?"

"वाजतंय, मामा."

"मशीन बरं हाय म्हंजे."

"समदं बरं हाय. एकदा कान दाखवून घ्या. कानात बसणारी यंत्रं मिळत्यात आता. शेंगदाण्याएवढ्या डबीत अँप आन स्पीकर दोन्ही."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "तिला बोलू नका. घाबरंल."

"मावशींस्नी ठावं हाय. त्येच तुमास्नी मान हलवून सांगत हुत्या न्हवं?"

"मला वाटलं," मामा सावकाश म्हणाले, "मी बघतोय ते तिला कळत न्हाय."

बाळाबाई चहाचे तीन पेले घेऊन आल्या. दोघांच्या तोंडाकडं बघूनच त्यांना काय ते समजलं. एक पेला निसारच्या हातात देऊन, दुसरा मामांसाठी घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मामांनी पेला घेतला, पण प्याले नाहीत.

"आठ म्हैने गाडीत एवढ्या मोठ्यानं गाणं लावतोय मी. तुला तरास व्हत न्हवता?"

"व्हत हुता की!" बाळाबाई आता ठणठणीत आवाजात बोलल्या.

"मग बोलायचं न्हाईस?"

"बोललतो की, दोनदा. तुमास्नी ऐकू गेलं न्हाई."

निसारनं मान खाली घालून स्क्रू शोधायला घेतला. मामा खांदे हलवत हसायला लागले, इतके की पेल्यातला चहा हिंदकळला. त्यांनी पेला पुढं ठेवला, डोळे पुसले आणि नातीचं गाणं लावलं. आवाज कमी केला. अजून कमी केला. पेटीसुद्धा त्यांना ऐकू येईनाशी झाली असावी.

"एवढं बास?" त्यांनी विचारलं.

बाळाबाई खिडकीतून आत वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पोरीची ओळ तिच्याबरोबर म्हणू लागल्या.